बेल्टचा दिवा विझवण्याआधी वायर तपासा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्याकडे वाचकांच्या पत्रांत एका काकांचं पत्र आलं होतं, जुन्या गाड्यांच्या सेन्सरबद्दल. त्यांचं म्हणणं असं की गाडी दहा-बारा वर्षांची झाली की सेन्सर खोटं बोलायला लागतात, डॅशबोर्डवर नसते दिवे पेटतात, गॅरेजवाले त्या नावाखाली पैसे काढतात, त्यापेक्षा सरळ वायर काढून टाका किंवा बॉडीला जोडून द्या, दिवा गेला की डोकेदुखी गेली. मी इथं जर्मनीत, स्टुटगार्टच्या जवळ लुडविग्सबुर्गला राहतो, १४ वर्षं झाली, पण सकाळचा चहा तुमच्या पेपराशिवाय होत नाही आणि ते पत्र वाचल्यापासून डोक्यातून जाईना म्हणून हे लिहितोय. काकांचा राग मला कळतो, सेन्सर खोटं बोलतात हेही खरं आहे, माझाही बोलला. पण वायर बॉडीला जोडा हा सल्ला पेपरात छापून आला की तो हजारो लोक वाचतात आणि त्यातल्या दहा जणांनी जरी ऐकला तरी त्यांचं इंजिन जाऊ शकतं, म्हणून माझ्या गाडीच्या इंजिनातल्या टायमिंग बेल्टचा दिवा पेटला तेव्हा काय झालं ते सविस्तर सांगतो. पत्र लांब होईल, जमलं तर छापा.

माझ्याकडे १९८८ सालची पोर्शे ९२८ एस४ आहे. पोर्शे म्हटलं की लोकांना वाटतं मोठा पैसेवाला माणूस असणार, तसं काही नाही, मी नोकरदार माणूस आहे आणि ही गाडी घेतली तेव्हा ९२८ला फारसं कुणी विचारत नव्हतं. सगळ्यांना पोर्शेचीच ९११ हवी असते. खरं तर ९२८ ही ९११ची जागा घ्यायला म्हणून बनवली होती, तेव्हाचे कंपनीचे प्रमुख अर्न्स्ट फुअरमान यांच्या डोक्यात तसं होतं, १९७७ला जिनिव्हाच्या शोमध्ये ती दाखवली आणि १९७८ला तिला युरोपियन कार ऑफ द इयर मिळालं, स्पोर्ट्स कारला तो मान मिळाल्याचं दुसरं उदाहरण नाही. पण ९११ काही बंद झाली नाही आणि ९२८ १९९५ला बंद झाली, सगळ्या मिळून ६१ हजारांच्या आसपास बनल्या असतील. पुढे व्ही८ इंजिन (व्हीच्या आकारात दोन बाजूंना मिळून आठ सिलिंडर), गिअरबॉक्स मागे, आणि हेडलाईट बंद असताना आकाशाकडे बघत असल्यासारखे बोनेटवर आडवे पडलेले. ती बनली झुफेनहाउझेनच्या कारखान्यात, माझ्या घरापासून लोकलने थोड्याच स्टेशनांवर, रोज ऑफिसला जाताना तिथून जातो आणि रोज खिडकीतून बघतो. गाडीने ३० वर्षं कधीच पार केलीत त्यामुळे तिला इथली एच-नंबरप्लेट आहे, म्हणजे हिस्टॉरिक गाडी, वर्षाला सरसकट १९१ युरो टॅक्स, पण त्यासाठी गाडी चांगल्या आणि मूळ स्थितीत आहे हे तपासून घ्यावं लागतं. आपल्याकडे २०२१पासून व्हिंटेज म्हणून नोंद होते पण त्याला ५० वर्षं लागतात, असो, तो वेगळा विषय.

तर बेल्ट. या इंजिनाला टायमिंग बेल्ट एकच आहे पण लांबच लांब, क्रँकवरून, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्यावरून निघतो, व्ही८च्या दोन्ही बाजूंच्या कॅमवर, म्हणजे व्हॉल्व्ह (झडपा) उघडणाऱ्या दांड्यांवर जातो, ऑईल पंप त्याच्यावर, पाण्याचा पंपही त्याच्यावर. म्हणजे इंजिनातलं जे जे महत्त्वाचं ते सगळं एका रबरी पट्ट्याच्या जिवावर. ५ लिटरचं इंजिन, ३२ व्हॉल्व्ह, आणि बेल्ट तुटला किंवा चार दात घसरला तर पिस्टन वर येताना उघड्या व्हॉल्व्हला जाऊन धडकतात, व्हॉल्व्ह वाकतात, दोन्ही बाजूंची हेडं उतरवावी लागतात आणि बिल बघून बरेच जण गाडी तशीच पार्टसाठी विकून टाकतात. रबरी बेल्टवर कॅम फिरवायची ही पद्धत मोठ्या संख्येने बनणाऱ्या गाड्यांमध्ये पहिल्यांदा इथंच जर्मनीत आली, बव्हेरियातल्या डिंगोल्फिंगच्या ग्लास नावाच्या कंपनीने १००४ मॉडेलला तो लावला, साठच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट, पुढे ती कंपनी बीएमडब्ल्यूने घेतली. चेनपेक्षा बेल्टचा आवाज कमी, वजन कमी, ऑईलची गरज नाही, म्हणून सगळ्यांनी उचलला. वाईट एवढंच की चेन सैल झाली की बऱ्याचदा खडखडते, बेल्ट मात्र आतल्या आत म्हातारा होतो आणि बाहेर काही कळत नाही.

म्हणून या गाडीत बेल्टच्या टेन्शनरमधून एक वायर काढलीय, आणि माझं हे सगळं पत्र त्या एका वायरबद्दल आहे. टेन्शनर म्हणजे बेल्ट ताणून धरणारा भाग. त्यात एक दट्ट्या असतो, तो लिव्हरला ढकलतो, लिव्हरवर रोलर, रोलर बेल्टवर दाबलेला. आत ऑईल भरलेलं असतं आणि दोन धातूंच्या चकत्यांची चळत असते, कारण इंजिन ॲल्युमिनियमचं आहे, तापलं की फुगतं, बेल्ट आपोआप जास्त ताणला जातो, मग त्या चकत्या गरम होऊन बसतात आणि दट्ट्याला थोडं मागे येऊ देतात. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी गॅरेजमध्ये उभा राहून तो भाग कितीतरी वेळ हातात धरून बघत होतो, इतकं डोकं लावलंय त्या लोकांनी. आता वायर. बेल्ट हवा तेवढा ताणलेला असेल तर टेन्शनरमधला काँटॅक्ट जुळलेला राहतो आणि ती वायर इंजिनच्या बॉडीला जोडली जाऊन अर्थिंग झालेली (अर्थ झालेली) असते. बेल्ट सैल पडला, दट्ट्या जास्त बाहेर आला, की काँटॅक्ट सुटतो, अर्थ तुटतो आणि डॅशबोर्डवर लाल सूचना येते. हे उलटं का ठेवलं असेल याचा जरा विचार करा, म्हणजे सगळं ठीक असताना सर्किट चालू आणि बिघडलं की तुटलेलं. कारण वायरच तुटली तरी दिवा पेटावा. म्हणजे दिवा पेटला तर बेल्ट सैल आहे किंवा आपल्याला बेल्टची खबर देणारी वायर गेलीय, दोन्हींपैकी काहीही असलं तरी ते तुम्हाला कळायला हवं असं बनवणाऱ्याला वाटलं.

मागच्या सप्टेंबरमध्ये आम्ही दोघं हाइलब्रोनहून परत येत होतो, ए८१ हायवेवर, इंजिन चांगलं तापलेलं, आणि लाल दिवा पेटला, बेल्टच्या ताणाची सूचना. दोन-तीन सेकंद राहिला, गेला, परत आला. आवाज काही नाही, तापमान बरोबर, ऑईल प्रेशर बरोबर, गाडी मस्त चाललेली. बायको म्हणाली घर वीस मिनिटांवर आहे, हळूहळू जाऊ. मी बाजूच्या पट्टीवर घेतली आणि इंजिन बंद केलं. पिवळी जाकिटं घालून रेलिंगच्या पलीकडे दीड तास उभे राहिलो, थंडी होती, ती काही बोलली नाही पण मला कळत होतं. शेवटी एडीएसीची, म्हणजे इथल्या वाहनचालकांच्या क्लबची, मदतीची गाडी आली आणि तिच्यावर घालून घरी आणली.

पुढच्या आठवड्यात एका गॅरेजमध्ये दाखवली, नाव सांगत नाही, जुन्या स्पोर्ट्स गाड्यांचं काम करतात, एरवी लोक चांगले आहेत. त्यांनी कव्हर पूर्ण न काढता वरूनच बघितलं, वायरचा कनेक्टर शोधला, सोडवला, गाडीकडची वायर बॉडीला टेकवली, दिवा गेला. म्हणाले या मॉडेलचा हा जुनाच आजार आहे, सेन्सर झिजतात, सगळेच असं करतात, आम्ही वायर कायमची अर्थ करून देतो, पंधरा मिनिटांचं काम. म्हणजे हुबेहूब काकांचा सल्ला, फक्त जर्मनमध्ये. मी विचारलं बेल्टचा ताण मोजला का, तर म्हणाले गरज नाही, बेल्ट दिसायला चांगला आहे. खरं सांगतो, मी हो म्हणणार होतो. महिन्याच्या शेवटी हात आखडलेला होता आणि समोरचा माणूस ठामपणे सांगत होता.

घरी आलो आणि बाबांना फोन लावला. बाबा आता ७८ वर्षांचे आहेत, दापोडीला एसटीच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून रिटायर झाले, अजूनही शेजारच्या पोरांच्या बाईकी बघून देतात. त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "अरे त्याने वायर टेकवून दिवा घालवला म्हणजे काय सिद्ध झालं? दिव्यापर्यंतची वायर चांगली आहे एवढंच. बिघाड टेन्शनरच्या बाजूला आहे हे त्यानेच दाखवून दिलं तुला आणि तिथंच बघायचं सोडून दिलं." मग म्हणाले आमच्या टाटाच्या इंजिनात टायमिंगला गिअर असायचे, दात दुखावला की आवाज करायचे, रबर बोलत नाही रे बाबा, म्हणून तर वायर लावलीय, ती कशी तोडतोस. मी दुसऱ्या दिवशी गॅरेजला फोन करून नको म्हणून सांगितलं.

इथं फ्लॅटच्या पार्किंगमध्ये गाडी उघडून बसता येत नाही, ऑईल जमिनीवर सांडलं तर मोठा दंड. पण मीटवेर्कश्टाट नावाचा एक चांगला प्रकार आहे, तासाच्या भाड्यावर लिफ्ट आणि हत्यारं मिळतात, काम आपलं आपण करायचं, अडलं तर तिथला माणूस येऊन बघतो. आपल्याकडे पुण्या-मुंबईत असं काही सुरू झालं तर किती पोरं शिकतील असं मला दर वेळी वाटतं. मी दोन शनिवार घेतले.

पहिल्या शनिवारी सकाळी थंड इंजिनावर मल्टीमीटर लावला, टेन्शनरकडच्या वायरचं टोक आणि इंजिनची बॉडी, बीप वाजली, म्हणजे कंटिन्युइटी आहे, वायर सलग आहे, सगळं ठीक. इथंच माणूस फसतो. बाबा व्हिडिओ कॉलवर होते, फोन पुढच्या पॅनलला टेकवून ठेवला होता, ते म्हणाले वायर हलव. हलवली तर बीप तुटली. परत हलवली, परत वाजली. बीप... बीप... काहीच नाही... बीप. पुण्यात दुपार झाली होती, बाबा कान लावून ऐकत होते, म्हणाले सापडली, आता वरून खाली बोटाने चाचपत जा. मग कव्हरं काढली, दोन्ही डिस्ट्रिब्युटर कॅप काढल्या, पुढचे पंखे काढले, आणि टेन्शनरच्या टर्मिनलपासून दोन बोटांवर ती जागा सापडली. वरचं प्लॅस्टिक गरम ऑईल आणि ३० वर्षांच्या उष्णतेने पापडासारखं झालेलं, नखाने दाबलं तर तुकडा पडला, आणि आत तांब्याच्या तारा काळ्या-हिरव्या पडलेल्या, मोजून तीन तारा शिल्लक होत्या, बाकीच्या तुटलेल्या. इंजिन थरथरलं की त्या तीन तारा कधी टेकणार, कधी सुटणार. म्हणजे गॅरेजवाला बरोबर होता की सेन्सरची वायर गेलेली आहे. काकाही बरोबर आहेत. एवढ्यावर थांबलो असतो तर त्यांचंच पत्र मी लिहिलं असतं.

पण कव्हर उघडलंच होतं तर बेल्टचा ताण मोजायचा म्हटलं. पोर्शेचं त्यासाठी एक खास हत्यार येतं, ९२०१ नंबरचं, तिथल्या माणसाच्या ओळखीतून एकाने दिवसभरासाठी दिलं. क्रँक हाताने घड्याळाच्या काट्याच्या दिशेनेच दोन फेरे फिरवायचा, मार्कावर आणायचा, इंजिन थंड, आणि मग मोजायचं. रीडिंग ५च्या आसपास हवं, पॉइंट तीन इकडे-तिकडे. माझं ४च्या खाली आलं. परत फेरे फिरवले, परत मोजलं, तेच. तिसऱ्यांदा तेच.

मग टेन्शनर उतरवायचं ठरवलं, दुसऱ्या शनिवारी. बेल्ट सैल करायच्या आधी क्रँक टीडीसीच्या (पहिला पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा) ४५ अंश मागच्या मार्कावर आणून ठेवतात, तिथं पिस्टन व्हॉल्व्हपासून लांब असतात, चुकून कॅम थोडा फिरला तरी काही लागत नाही. टेन्शनर हातात घेतला तर त्याचं रबरी बूट चिरलेलं आणि आतलं ऑईल निम्म्याहून जास्त गेलेलं. लिव्हर ज्यावर फिरतो त्या पिव्होटमधली बुशं (झीज सोसणाऱ्या नळ्या) झिजून लिव्हर चक्क बाजूला डुलत होता. लिव्हर तिरका म्हणून रोलर तिरका, रोलर तिरका म्हणून बेल्ट एका बाजूला सरकून त्याची एक कड घासत होती, आणि त्या कडेतून पांढरे बारीक धागे बाहेर आलेले. बेल्टच्या आत काचेच्या धाग्यांची दोरी असते, सगळा भार ती घेते, ते हे धागे. वरून, म्हणजे गॅरेजवाल्याने जिथून बघितलं तिथून, बेल्ट काळा कुळकुळीत नवा दिसत होता. खालच्या बाजूची कड कुणी बघितलीच नव्हती. आधीच्या मालकाच्या बिलांच्या फाईलीत शोधलं तर बेल्ट ९ वर्षांपूर्वीचा निघाला. मी किलोमीटर मोजत बसलो होतो, ते जेमतेम ३० हजार झाले होते, म्हणून निश्चिंत होतो, वर्षं मोजलीच नाहीत. रबराला दोन्ही लागतात, किलोमीटरही आणि वर्षंही.

आता त्या दिवशी ए८१वर दिवा तुटक्या वायरमुळे पेटला की सैल बेल्टमुळे, हे मी छातीठोक सांगू शकत नाही, दोन्ही कारणं एकाच वेळी हजर होती. पण मी वायर अर्थ करून घेतली असती तर पुढे बेल्ट आणखी सैल झाल्यावर मला सांगणारं काहीच उरलं नसतं आणि मी बायकोला शेजारी बसवून त्याच रस्त्यावर १६०ने गेलो असतो, इथं बरेच ठिकाणी लिमिट नाही. हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

दुरुस्ती सांगतो कारण ती अवघड नाही. टेन्शनर पूर्ण उघडला, चकत्या ज्या क्रमाने होत्या त्याच क्रमाने एका कापडावर मांडल्या, केरोसीनसारख्या क्लीनरने धुतल्या, फोटो काढून ठेवला कारण त्या उलट-सुलट बसवल्या तर उष्णतेने वाढणाऱ्या ताणाची भरपाईच होणार नाही. काँटॅक्टवर जुन्या ऑईलचा चिकट थर होता, तो काढला, बारीक पॉलिश पेपर एकदाच फिरवला, जास्त घासायचं नाही. नवं बूट, नवे ओ-रिंग, नवा क्लॅम्प, लिव्हरला नवी बुशं, ताजं गिअर ऑईल. वायरला मी सोल्डर मारणार होतो. बाबा फोनवरून ओरडलेच, "सोल्डर नको, जिथं सोल्डर संपतो तिथं वायर कडक होते आणि इंजिनच्या थरथरीने तिथंच परत तुटते, थिंबल दाबून बसव." मग सिलिकॉन कोटिंगची वायर आणली, ती १८० डिग्रीपर्यंत चालते, चांगल्या पक्कडीने थिंबल दाबलं, वर गोंदवाली हीट श्रिंक नळी चढवली, आणि वायर कव्हरला घासणार नाही अशी क्लिपमध्ये थोडी सैल ठेवून बसवली. वायर, थिंबल, नळी सगळं मिळून १० युरोच्या आत. बेल्ट, रोलर आणि पाण्याचा पंप मात्र बदललेच. पंप बेल्टवरच फिरतो, त्याचं बेअरिंग जॅम झालं तर नवा बेल्टही घेऊन जातं, शिवाय एवढं उघडल्यावर जुना पंप परत बसवणं म्हणजे नव्या बेल्टची वाट लावणं. खर्च झाला, दिवाळीला पुण्याला यायचं तिकीट पुढे ढकललं, पण केला.

सगळं बसवून ताण लावला. इथं घाई केली तर उलटं होतं, जास्त घट्ट केला तर बेल्ट किंचाळतो, पंपाचं बेअरिंग आणि कॅमवरची दातेरी चाकं खातो. ॲडजस्टिंग बोल्ट थोडा फिरवा, दोन फेरे मारा, मोजा, परत. पाचव्या खेपेला काटा ५वर आला. लॉकनट टाईट. आणि मग शेवटची गोष्ट केली जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, टेन्शनरची वायर मुद्दाम सोडवून इंजिन चालू केलं आणि थांबलो. लाल दिवा आला. बंद केलं, जोडली, चालू केलं, दिवा नाही. आता मला माहितीय की ती वायर गेली तरी दिवा पेटतो. पुढे दीड हजार किलोमीटरवर ताण परत मोजला कारण नवा बेल्ट सुरुवातीला थोडा बसतो, जरासा वाढवावा लागला. तेव्हापासून दिवा एकदाही आलेला नाही.

आता तुम्ही म्हणाल पोर्शेचं आम्हाला काय. संपादक साहेब, म्हणूनच लिहितोय. आपल्याकडच्या किती साध्या गाड्यांत टायमिंग बेल्ट आहे हे चालवणाऱ्यांनाच माहीत नसतं. जुनी मारुती ८००, जुनी झेन, पहिली सँट्रो, डिझेल डस्टर, डिझेल पोलो, या सगळ्या बेल्टच्या. स्विफ्ट डिझेलला चेन आहे म्हणून शेजारी सांगतो बेल्ट-बिल्ट काही बदलावा लागत नाही आणि डस्टरवाला ते ऐकून गप्प बसतो. आणि माझ्या गाडीसारखी ताण सांगणारी वायर या गाड्यांत नाही. टोयोटाच्या काही डिझेल गाड्यांत टी-बेल्ट असा दिवा येतो, पण तो बेल्टला विचारून येत नाही, ठराविक किलोमीटर झाले की येतो, आणि बेल्ट न बदलताच तो रिसेट करून गाडी विकता येते. म्हणजे दिवा दाबून टाकायचा सल्ला तिथं आणखी महागात पडतो, कारण त्याच्या मागे तपासायला दुसरं काहीच नाही.

माझ्या मामेभावाने चिंचवडला सेकंडहँड डिझेल गाडी घेतली, कुठली ते लिहीत नाही, गाडीचा दोष नव्हता. विकणाऱ्याने तोंडी सांगितलं बेल्ट नवाच आहे. चार महिन्यांनी घाटात इंजिन बसलं, पोरं मागे बसलेली, ट्रक मागून येतायत, नशीब म्हणून कुणाला लागलं नाही. हेड उघडलं तर आठच्या आठ एक्झॉस्ट व्हॉल्व्ह वाकलेले. विकणारा म्हणाला मी तसं बोललोच नव्हतो, आणि कागदावर काहीच नव्हतं.

म्हणून माझ्या दोन मागण्या आहेत, एक तुमच्याकडे आणि एक वाचकांकडे. तुमच्या गाड्यांच्या पानावर एकदा कुठल्या गाडीला बेल्ट, कुठल्या गाडीला चेन, आणि कंपनीने बेल्ट किती किलोमीटरला आणि किती वर्षांनी बदलायला सांगितलाय याचा तक्ता छापा, लोक कापून ठेवतील. आणि वाचकांनी जुनी गाडी घेताना पीयूसी आणि इन्शुरन्स बघतो तसं बेल्ट बदलल्याचं बिल मागावं, बिल नसेल तर बेल्ट जुना आहे असंच धरून भाव करावा. इथं एक साधी पद्धत आहे, बेल्टच्या किटमध्येच एक छोटा स्टिकर येतो, मेकॅनिक त्यावर तारीख आणि किलोमीटर लिहून बोनेटच्या आत चिकटवतो. आपल्याकडे किटमध्ये स्टिकर आला तरी तो बऱ्याचदा खोक्याबरोबर कचऱ्यात जातो. तो मागून घ्या, आला नसेल तर साध्या कागदावर लिहून वर सेलोटेप मारा.

आणि त्या काकांना माझा नमस्कार सांगा. त्यांनी कुठली वायर काढून टाकलीय ते त्यांनी पत्रात लिहिलेलं नाही. पण ती इंजिनची असेल तर त्यांनी ती परत जोडावी, एकदा हलवून बघावी, आणि वायरच्या पलीकडे ती जी गोष्ट मोजते तीही एकदा हाताने मोजून घ्यावी. त्यांच्या गावात कुणी करून देत नसेल तर माझे बाबा दापोडीला आहेत, ते पैसे न घेता मल्टीमीटर लावून देतील, हे त्यांना विचारूनच लिहितोय.

कळावे,
आपला नियमित वाचक,
लुडविग्सबुर्ग, जर्मनी (मूळ दापोडी, पुणे)